शक्य तितका जवळचा हेतू

दस्त एकोणीसशे एकतीसचा,
शाई काकवीच्या रंगाची झालेली.
ठकूबाई लहानू भिरूड, राहणार सावदा,
स्टेशनच्या रस्त्यालगतचे अकरा गुंठे
आणि एक विहीर लिहून देते
केळीच्या गाड्या ओढणाऱ्या बैलांना
होळीपासून मृगापर्यंत पाणी पाजण्यासाठी.
का, ते लिहिलेलं नाही.
कायद्याला कारण लागत नाही, हेतू लागतो.
खाली अंगठा आहे, जरा जास्तच दाबलेला.

मी जळगावच्या धर्मादाय कार्यालयात निरीक्षक.
असे थकलेले हेतू वर्षाला दहा-बारा येतात.
गेल्या वर्षी एक होता, वेशीवरच्या कंदिलाच्या तेलाचा.
वेस नाही, कंदील नाही,
बँकेत मात्र व्याज वाढत होतं.
ट्रस्टला सहजी मरू देत नाहीत.
माणसाचं तसं नाही.

विश्वस्त पुरुषोत्तम सरोदे म्हणाले,
"साहेब, बैल आहेत कुठे आता?
जागा विकू, पैसा ट्रस्टच्याच खात्यात राहील."
कलम छत्तीसचा अर्ज, मूल्यांकन, तीन निविदा.
एका निविदेवर त्यांच्या मेहुण्याचं आडनाव.

हरकत घ्यायला येणार कोण?
वकीलपत्रावर खूर चालत नाही.

मला स्थळपाहणीला पाठवलं.
एप्रिलअखेर. एसटीतून उतरलो
तर डांबर बुटासोबत उचललं गेलं.
हौद होता. कोरडा नव्हता.
दिल्लीच्या ट्रकच्या सावलीत
घड भरणारी पोरं टेकलेली,
चिकानं काळे पडलेले शर्ट, खांद्यावर गोणपाट.
सुभान तडवीनं तांब्या पुढे केला,
"पानी पेऊन जाय भो, उन्हाचं."
हौद कोण भरतं?
"ज्याले तहान लागते तो."

अहवालात लिहिलं:
मूळ हेतू जसाच्या तसा आता अशक्य.
रस्ता मात्र तोच, ओझंही तेच.
कलम पंचावन्नप्रमाणे
शक्य तितका जवळचा हेतू सुचवतो,
हमालांसाठी पाणी, वर पत्र्याची सावली.

समासात साहेबांची पेन्सिल:
जवळचा म्हणजे किती जवळ?

फाइल आठवडाभर टेबलावर आहे.
जू जिथे टेकतं
तिथेच सुभानच्या मानेला घट्टा पडलाय,
मी पाहिला, तो पाणी प्यायला वाकला तेव्हा.
हे कोणत्या रकान्यात भरतात,
ते मला कुणी शिकवलेलं नाही.