मोबाईलचा रकाना

महाप्याच्या सहाव्या मजल्यावर
मला पगार मिळतो तो 'अवैध' हा शब्द खोडण्याचा.

घरी येऊन रक्त घेऊन जाणारी लॅब आहे आमची.
माणसं फॉर्म भरतात, आकडा गाळतात,
ईमेलमध्ये स्वल्पविराम टाकतात,
पिनकोडच्या जागी बसचा नंबर.
आणि माझ्या आधीच्या कुणीतरी लाल अक्षरांत लिहून ठेवलेलं:
अवैध मोबाईल क्रमांक.
जणू रातोरात बांधलाय तो,
पालिकेला न विचारता.

"जरा प्रेमाने लिही," सिबी म्हणाला. "चाळीस अक्षरांत."

तुम्ही चुकलात.
नको, हे बोट दाखवतं.
क्रमांक चुकला आहे.
बरं आहे, निदान माणूस सुटला.
कृपया पुन्हा तपासा.
'कृपया' आमच्या घरात कुणी बोललेलं मी ऐकलं नाही,
तो शब्द पाट्यांवर राहतो,
'थुंकू नये'च्या शेजारी.
अहो, एक आकडा राहिला वाटतं!
हे निलोफरने मोठ्यांदा वाचून पाहिलं,
जिन्यात भेटलेल्या शेजारणीच्या आवाजात,
आणि म्हणाली, हे ठेव.

पप्पा तुर्भ्याच्या एका कंपनीत स्टोअरला होते.
प्रत्येक बिलाखाली, ट्रक बाहेर हॉर्न मारत असला तरी,
बारीक अक्षरात: चू. भू. द्या. घ्या.
लहानपणी मला ती कुणाची तरी सही वाटायची,
चुभू नावाच्या मोठ्या साहेबाची.
मी सिबीला तेही सुचवून पाहिलं,
चूक आमचीही असू शकते.
तो म्हणाला, वकिलांना विचारावं लागेल.

सोमवारी 'अहो' सुरू झालं.
गुरुवारी मी नोंदी उघडल्या.

बेबीनंदा शिरसाट. वय एकसष्ट. दिघा.
पत्ता: टाकीमागे, पाडलेल्या बिल्डिंगच्या बाजूची, पाडली नाही ती.
पत्ता आम्ही घेतला, पत्त्याला आमच्याकडे नियम नाही.
तिच्या जिन्यात चिकटवलेला असेल 'अनधिकृत',
अवैधचा सख्खा भाऊ.
त्याला खोडायला कुणी पगारी नाही.

मोबाईल: नऊ आकडे.
अहो, एक आकडा राहिला वाटतं!
पुन्हा तेच नऊ.
अहो, एक आकडा राहिला वाटतं!
तिसऱ्यांदा शेवटी एक शून्य,
आणि पाठवण्याआधीच ते खोडलेलं.
(खोडलेलंही जपतो आम्ही.)
खोटं लिहायचं नसावं तिला.
चौथ्यांदा, रात्री दहा सत्तेचाळीसला,
आकड्यांच्याच रकान्यात:

हो राहिला मुलगा कामावरून आला की विचारून सांगते

आणि सेकंदाच्या आत माझंच दुसरं वाक्य,
मंगळवारी चहा पिता पिता लिहिलेलं,
शेवटी हसरा चेहरा लावून:
इथे फक्त आकडे हं!

त्यानंतर नोंद नाही.

मी ते नऊ आकडे कागदावर उतरवले,
शेवटी शून्यापासून नवापर्यंत एकेक लावून पाहिला,
दहा अनोळखी माणसं.
फोन करणं नियमात बसत नाही, म्हणून केला नाही.
केला. चार ठिकाणी.
एक बंद, एक कळंबोलीचा टेम्पोवाला,
एका बाईने विचारलं, कोणत्या बँकेतून,
आणि एक नुसताच वाजत राहिला.
मग लक्षात आलं,
राहिलेला आकडा शेवटचाच असेल कशावरून?
मधलाही असेल.

दुसऱ्या दिवशी मी एक नवी ओळ लिहिली.
रकान्यात अक्षरं आली, तर:

बरं. थांबतो आम्ही.

"अशी केस किती वेळा येते?" सिबीने विचारलं.
एकदा, मी म्हटलं.
त्याने ती यादीत घातली, सगळ्यात खाली,
पुढच्या तिमाहीत बघू.

चाळिसात आरामात बसते, मी मोजून पाहिलंय.