दोन भोवरे

केस वाढले की कानावर येतात,
आणि वेंगुर्ल्यात बाकीचंही सगळं.
म्हणून मी कुडाळला गेलो.

बुधाजीच्या दुकानात पहिल्यांदा बसलो
तो खुर्चीत नव्हे,
खुर्चीच्या हातांवर आडव्या टाकलेल्या फळीवर.
आरसा अजून तोच. उजव्या कोपऱ्यात पारा उडालेला,
त्यामुळे माझा उजवा कान
तिथे मी कधी पाहिलेला नाही.
हात मात्र हल्ली थरथरतो त्याचा.
वस्तरा टेकला की थांबतो, हे खरं,
पण टेकेपर्यंत आपण श्वास धरून.

आणि यंदा फोटो पाठवायचा होता.
कणकवलीच्या एका शाळेत बाई आहेत,
त्यांच्या मामेभावाने मागितलाय.
आई म्हणायची, डोक्यावर दोन भोवरे, म्हणजे दोन लग्नं.
सेहेचाळीस संपलं,
भोवरे दोन्ही जागेवर आहेत.

मासळी बाजाराशी इरफानचं चांगलं, पण दुकानाला दारच नाही,
पापलेट घेणारा प्रत्येकजण मत देऊन जातो.
स्टँडसमोरचा पोरगा फोनमध्ये डोकी दाखवतो,
एकावरही माझा चेहरा बसेना.
मग एसटी, मग कुडाळ,
काचेचं दार, थंड हवा, मोगऱ्याच्या वासाचा टॉवेल.
'दोन नंबर की तीन?'
मी म्हटलं, अडीच नाही का?
तो हसला नाही.
यंत्र होडीच्या इंजिनासारखं धडधडलं,
बारा मिनिटांत दीडशे रुपये,
आणि मागे, नेमके दोन भोवऱ्यांच्या मध्ये,
शिंगाळ्याच्या काट्यासारखे उभे राहिलेले केस.

येताना टोपी घातली.
केसाने गळा कापणे म्हणतात ते
इतकं शब्दशः करता येतं,
हे गाडीत बसल्यावर सुचलं.

तो दारात उभा, कापड झटकत.
टोपीकडे पाहिलं. टोपीखालचं दिसलंच असावं.
'कुडाळाक?'
'कामाक गेल्लंय.'
'बस.'

खुर्चीत दशावतारातला एकजण होता,
अर्ध्या तोंडाला साबण.
जत्रा होती, रात्री राणी व्हायचं होतं,
त्याची दाढी बुधाजी दोनदा करतो, उलटी आणि सुलटी.
तो साबणासकट उठला.
'बसा तुमी. माझो परवेश बारानंतर.'

बुधाजीने यंत्र नाही घेतलं.
पाणी शिंपडलं,
आणि एका बोटाने माझं डोकं वाचत राहिला.
'तेणां भोवऱ्याक इचारल्यानच नाय.'
कात्री हवेत दोनदा उगाच वाजली, तशी नेहमीच वाजते.
'खाडीच्या तोंडाशी भोवरो असता मां?
त्याका आडवो गेलंस तर होडी गेली.
तो वळता तसो वळ.'
आणि वळला. आधी डावीकडून,
मग दुसऱ्याच्या अंगाने उलटा.
कापायला उरलं होतंच किती!
जे होतं त्यातलंही त्याने
बरंचसं तसंच ठेवलं.
हात थरथरत होता का?
मी पाहायला विसरलो.

काटा बसला.
म्हणजे नाहीसा नाही झाला,
निजला.

'किती द्यायचे?'
'कुडाळात किती दिलंस?'
'दीडशे.'
'मगे हयसर काय देतलंस? तीन चाय सांग.'

राणी म्हणाली, फोटो आताच काढा,
उद्या परत विस्कटतील.
तिनेच सांगितलं हनुवटी किती खाली,
डोळे कुठे. तिला ते कळतं.
आरशातूनच काढला.
उजवा कान नाही आला,
आणि मागे, चहाचा ग्लास हातात,
गालावर वाळलेला साबण घेऊन ती उभी आहे.

कापता आली असती.
नाही कापली. तसाच पाठवला.