कुठली बाजू वर

खुलताबादच्या उतारावर माझं काचेचं दुकान.
देवांच्या तसबिरी, दहावी पास झालेली पोरं,
हार घातलेले म्हातारे,
यांना वर-खाली असतं.
लोहगावकर सरांच्या कागदाला नसायचं.

कागजीपुऱ्याचा जाड कागद,
कडा न कापलेल्या, आत कुठं चिंधीचा धागा.
त्यावर काजळाचा एकच फराटा,
घायपाताचं पान ठेचून केलेल्या कुंचल्याचा.
सुरुवातीला ओला,
पुढे पुढे उन्हाळ्यातल्या ओढ्यासारखा
तुटत, डबक्या-डबक्यानं गेलेला.

"सर, हूक कुठं ठोकू?"
"म्हैसमाळवरून खाली बघितलंस कधी, मे महिन्यात?"
"बघितलं की."
"मग तिथं हूक कुठं होता?"

सरांचे आजोबा मोडी लिहायचे.
आधी ओळभर रेघ ओढून घ्यायची
आणि मग तिला अक्षरं टांगायची.
वडील पटवारी, निजामाच्या दफ्तरात
उजवीकडून डावीकडे शेतं लिहायचे:
पूर्वेस ओढा, पश्चिमेस गायरान,
उत्तरेस वाट, दक्षिणेस काशीराम तेल्याची जमीन.
ओढा बुजला, वाट मोडली,
तेल्याचं कुणी उरलं नाही.
चतुःसीमा कागदावर तशीच.
सरांनी दोघांचीही अक्षरं काढून टाकली,
रेघ तेवढी ठेवली.
म्हणाले, एवढीच खरी होती.
मग जरा थांबून,
तीही लांबून.

एकदा पाहिलं त्यांना काढताना.
सकाळपासून नुसते बसलेले, चहावर साय धरलेली.
उन्हं कलली, खालून कुणाच्या शेळ्या गेल्या,
धुरळा परत खाली बसला
आणि हात हलला.
मी शिंकलो तेवढ्यात संपलं होतं.

गेल्या महिन्यातली गोष्ट.
काच बसवली, मागून चुका मारल्या, पुसून बघतो तर
आत एक मुंगी.
रेघ धरून चालली होती नीट,
शाई तुटली तिथं थबकली,
मिशा हलवल्या,
कोरं ओलांडून पुढच्या थेंबाला लागली.
गिऱ्हाईक उभं होतं, मी तिच्याकडेच बघत राहिलो.
मग चुका उपसल्या, फुंकर घालून तिला सोडलं.

परत ठोकताना
कुठली बाजू वर होती, विसरलो.

सर आले. बघितलं.
काही बोलले नाहीत, पैसे मोजून दिले.
पायरी उतरताना थांबले मात्र,
आणि मान एका खांद्यावर टाकून
घाटाकडे बघत राहिले
बराच वेळ.