आगर

अंगठ्याचं यंत्र मला रोज सकाळी नाकारतं.
एकवीस वर्षं काजू फोडले, तेलानं रेषा खाल्ल्या.
केरकरबाई म्हणतात, तुम्ही वहीतच सही करा,
मग चपला बाहेर, कोपरापर्यंत हात धुऊन
मी त्या खोलीत जाते
जिथं वारासुद्धा गाळून येतो.

आमच्या वेंगुर्ल्यात आगर म्हणजे माडापोफळीचं,
पाटाचं पाणी, शेणाचा वास, सातबाऱ्यावरून भांडणं.
इथलं आगर बाटलीच्या तळाशी, दोन बोटं, थिजलेलं.
समुद्राच्या शेवाळापासून करतात म्हणे.
त्यात साखर, क्षार,
आणि थेंबाथेंबानं मोजून घातलेली
वाढायची इच्छा.

सप्तरंगीची फांदी बाबल धुरीनं आणली,
ओल्या गोणपाटात, स्कूटरवर पायांच्या मधे.
मुळांना गिऱ्हाईक फार, साखरेच्या दुखण्यावर.
मूळ गेलं की वेल गेला.
दोन डोंगर फिरून त्याला हा एवढाच दिसला
आणि त्यानं कोयता म्यानातच ठेवला, असं तो सांगतो.

मी पेर कापते.
चिमटा ज्योतीत लाल करायचा, मग गार होईस्तो थांबायचं.
नखाएवढा तुकडा, त्यात एक झोपलेला डोळा.
कापल्या जागी तो काळा रस सोडतो, आगर काळवंडतं,
आणि आपल्याच रसात मरतो.
जखमेवरचा राग आहे तो, बाई म्हणाल्या.
म्हणून दर दोन दिवसांनी मी त्याला
स्वच्छ बाटलीत हलवते.
माझी बोटं काळी पडत होती तेव्हा
मला कुणी हलवलं नव्हतं.
कारखाना बंद पडला म्हणून सुटले.

श्रावणात दीड दिवस वीज नव्हती.
इनासनं जनरेटरला शिव्या घातल्या, मग डिझेल.
तरी एका फळीवर बुरशी आली,
पांढरी, मऊ, दिसायला किती छान.
चाळीस बाटल्या न उघडताच कुकरमध्ये टाकल्या.
त्या रात्री मासे गळ्याखाली उतरले नाहीत.

बाबल आला. काचेबाहेर उभा राहून
उजेडातल्या ओळी मोजू लागला,
तीनशेच्या आसपास कुठेतरी थांबला.
सगळी एका वयाची, एका चेहऱ्याची,
ना फूल, ना बी.
"ह्येंची आवस खंय?"
म्हटलं, तुझ्याच गोणपाटातून इली मरे.
तो हसला नाही.
मला मात्र आता ती वेगवेगळी ओळखू येतात,
कोण रुसतं, कोण हावरट.

पुढे शेडमध्ये, काथ्याच्या भुशात, पिशवीखाली.
रोज पिशवीला एक भोक जास्त,
वाऱ्याची सवय चमच्यानं पाजल्यासारखी.
निम्मी माना टाकून गेली.
उरलेली तुळशीच्या डोंगरात, बाबलच्या वेलाखाली लावली.

तिसऱ्या आठवड्यात एका पानाला
कड कुरतडलेली. अर्धचंद्राएवढी.
बाटलीत असती तर मी कशाला ठेवते?
इथं मी उकिडवी बसून राहिले.
बाबलनं पान उलटं केलं,
अळी पाहिली, तिथंच सोडली,
विडी शोधत खिसे चाचपू लागला.

वहीत मी लिहिलं:
बाटली क्रमांक एकशे चार.
किड्यानं खाल्लं.
जिवंत.