पाहुणी

होडी बेटाला लागली तेव्हा जुलैचे सहा दिवस उलटले होते,
गवत पिवळं होऊन आडवं पडलं होतं.
मी, माझा वेन्डेल,
आणि एर्नेस्टीन मावशीची खणायची काठी.
मुठीपाशी काळी, गुळगुळीत,
दुसऱ्या कुणाच्या तळव्यात नीट न बसणारी.

मावशी मार्चमध्ये गेली.
मी फेरीबोटीच्या कँटीनमध्ये बटाटे तळत होते.
फोन दोनदा वाजून थांबला, तिसऱ्यांदा उचलला.

आमचा वाफा कुठून कुठवर ते चार दगड सांगतात.
पाचवा मेंढ्यांनी ढकलला
की नव्या मालकाच्या जावयाने,
यावर घरात अजून वाद आहे.

एप्रिल संपता संपता इथे सगळा कॅमस फुलतो,
ओकांच्या बुंध्यांपर्यंत निळाच निळा.
मावशी म्हणायची, डोळे धुऊन घ्या, फुकट आहे.
आणि त्या निळ्यात कुठे कुठे, जरा उशिरानं,
सायीच्या रंगाचा एखादा तुरा.
त्याचं नाव ती तोंडाने घेत नसे.
पाहुणी आली, म्हणायची,
आणि गुडघे टेकून
मनगटापर्यंत हात मातीत घालून
गड्ड्यासकट उपटायची.
वेगळी पिशवी. वेगळा खड्डा, भरतीच्या रेषेखाली.
मग खाऱ्या पाण्यात, वाळूनं घासघासून हात.
"आत्ता ओळखू येते, पोरी.
फूल गळलं की ती आपल्यातलीच होते."

फूल गळतं.
वर एक वाळकी काडी, ती वाऱ्यानं मोडते.
खाली गड्डा. तीच साल, तोच आकार,
कांद्याचा वास दोन्हींना नाही.
एक तापल्या दगडांवर, शेवाळ आणि नेच्याखाली
दोन रात्री शिजला
की काळा, चिकट होतो,
करपायच्या एक क्षण आधीच्या साखरेसारखा.
दुसरा उकडा, भाजा, रात्रभर पुरून ठेवा,
तो आहे तसाच राहतो.
खाणारा राहत नाही.

यंदाच्या मेमध्ये इथे कुणी आलं नव्हतं.
वेन्डेलची परीक्षा होती. माझ्या पाळ्या.
होडीचं इंजिन बिघडलं होतं, हेही खरं,
पण ते चार दिवसांत दुरुस्त झालं होतं.

मी हे सगळं मनात लावत होते
तोवर पोरानं पहिलं ढेकूळ उलथलं.
"आई, हा बघ केवढा!"
तळहातावर लसणीएवढा, गोरा.
मी हुंगला. नखानं खरवडला. उन्हात धरला.
मूर्खासारखा कानाशी नेऊन हलवलासुद्धा.
वेन्डेलनं फोन काढला, त्यात मावशीनं दाखवलेले फोटो होते,
निळं फूल, पांढरं फूल, बाण काढून.
फोटोत फूल होतं.
हातात नव्हतं.

"परत ठेव," मी म्हटलं.
"सगळे?"
"होते तसे. शेंडा वर."
दगड, शेवाळ, नेचे, सगळं सामान होडीत तसंच पडून राहिलं.
परतताना तो बोलला नाही. मीही.
काठी आमच्या दोघांच्या पायांत आडवी.

मावशीच्या जेवणाला साठ माणसं आली.
सामन होता, शिंपले होते, पाव होता,
आणि कॅमसचं मोठं लाकडी ताट, रिकामं.
म्हातारे इझिडोर चमचा घेऊनच त्याच्याशी आले.
वाकून पाहिलं.
"यंदा पांढऱ्या कोणी काढल्या?"
"कुणीच नाही."
त्यांनी चमचा खिशात घातला,
ताटावर स्वच्छ फडकं पसरलं, चारी कोपरे नीट ओढून,
आणि शिंपल्यांच्या रांगेत जाऊन उभे राहिले.

कँटीनमधलं कॅलेंडर डिसेंबरला संपतं.
म्हणून मी तळणीमागच्या भिंतीवर
मार्करनं लिहिलं : मे, दुसरा आठवडा. पांढऱ्या.
मॅनेजरनं वाचलं, वही उघडली,
विचारलं, पांढरे कांदे का? किती किलो मागवू?
मागवायचे नाहीत, म्हटलं.
उपटायच्यात.