बस्ता

नणंदेच्या लेकीचा बस्ता होता.
शहापुरात, मुचंडी शेटच्या दुकानात,
पांढऱ्या गादीवर आम्ही अकराजणी,
चपला दाराशी, मांड्या ठोकून.
मे महिना. वर पंखा नुसता कुरकुरत होता.

भरमाणी साड्या दाखवत होता.
येळ्ळूरचा, असेल पंचवीसेक वर्षांचा.
शर्टावरनंच निऱ्या खोचायचा,
पदर टाकून जरासा तिरपा व्हायचा,
“काकू, काठ बघा कसा पडतोय.”
आमच्यापैकी कुणालाच इतकी चापून नेसता येत नव्हती.

चंपाक्का पुढं सरकली.
(पैसे तिच्या पर्समधले, म्हणून जागाही पुढची.)
जरीचा पोत बघते म्हणाली
आणि हात पदराखाली गेला,
कमरेपाशी थांबला,
चाचपत राहिला,
बाजारात दोडका कवळा आहे का बघावं तसा.
“काय लाजूलालास रे?
लगीन झालं न्हाई व्हय अजून?”

गादीभर हसू सांडलं.
त्यातलं माझं हसू कुठलं
ते मला आजही निवडून दाखवता येईल.

भरमाणीनं गल्ल्याकडं बघितलं.
शेटनं कॅल्क्युलेटरवरची मान न उचलता
“होगली बिडो,” म्हटलं,
आणि मग आम्हाला कळावं म्हणून मराठीत,
“आक्कांना इरकल दाखव.”

त्यानं अंगावरची साडी सोडली नाही.
तिच्यावरच इरकल गुंडाळली.
इरकलीवर पैठणी, पैठणीवर ती मोरपंखी,
घाम कानामागनं गळत होता
आणि तो गुंडाळतच होता,
चार साड्या, पाच साड्या,
हात पोचणार नाही इतका जाड होईपर्यंत.
“अगं बाई, गाठोडं झालं की पोराचं!”
आम्ही परत हसलो.

रात्री नवऱ्याला सांगितलं.
“नशीबवान की गडी,” म्हणाला, कूस वळवून झोपला.
जावेला सांगितलं.
ती म्हणाली, “पुरुषाला काय होतंय त्यानं?”

बी.कॉम.ला असताना
खानापूरच्या गाडीत मी टाचणी हातात धरून उभी राहायची.
एकदा टोचली, तो ओरडला, मी पण ओरडले,
तेव्हा कंडक्टर म्हणाला होता,
“एवढं काय झालंय, बाई?”
ती टाचणी अजून आहे माझ्याकडं.
त्या दिवशी पदरालाच होती,
चंपाक्काच्या मनगटापासून
वीतभर लांब.

महिन्यानं फॉल-पिकोच्या साड्या आणायला गेले.
भरमाणी नव्हता.
“उद्यमबागला गेला, फौंड्रीत,” दुसऱ्या पोरानं सांगितलं,
“पगार कमी, पण तिथं गिऱ्हाईक नसतंय.”
मी पिशवी उघडली, साड्या मोजल्या,
बरोबर होत्या, तरी परत मोजल्या.

यंदा धाकटीचा बस्ता.
तेच दुकान, तीच गादी. पंखा नवा.
मी मुद्दाम चंपाक्काला चिकटून बसले.
साडी दाखवायला इराप्पा नावाचा पोरगा,
त्याला अजून निऱ्या नीट पडत नव्हत्या.
चंपाक्का म्हणाली, “बघू रे जर,”
आणि पुढं झाली.

मी म्हटलं, “आक्का, हात.”

एवढंच. आवाजही मोठा नव्हता.
पण गादीवरच्या बांगड्या थांबल्या,
शेटनं पहिल्यांदाच मान वर केली,
चंपाक्कानं माझ्याकडं असं बघितलं
की मीच तिचा पदर ओढलाय.
“मी आईसारखी त्याला,” ती म्हणाली.
“मग आईसारखं लांबनं बघा,” मी म्हणाले,
आणि माझ्याच तोंडाला कोरड पडली.

त्यानंतर तिच्या घरचं हळदीकुंकू
माझ्या दारावरनं पुढं जातं.
जाऊ दे.

एक मात्र सांगायचं राहिलं.
निघताना बिल द्यायला इराप्पा आला
तेव्हा मी हसून हात पुढं केला.
त्यानं कागद काचेवर ठेवला,
माझ्यापासून दोन पावलं मागं सरला,
आणि मी तो उचलेपर्यंत
माझ्या हाताकडंच बघत राहिला.