शेरा

बस, टोबिन. ती खुर्ची नको, करकरते.
दर पंचविसांतली एक तबकडी ऐकायची,
ही माझी नोकरी. एकवीस वर्षं.
इथेच, डेटनमध्ये, नदीकाठचा कारखाना, चार नंबरची खोली,
भिंतींना अंड्यांचे ट्रे चिकटवलेले.
गाणं ऐकायचं नाही, ऑसगुड प्रुइट बजावायचा,
खरखर ऐकायची. टिचकी ऐकायची.
सुई कुठे अडखळते तेवढं ऐकायचं
आणि चिठ्ठीवर शेरा मारायचा: पास. नापास.
तिसरं काही लिहायला जागाच नव्हती.

आता तू विचारतोयस, तर जागाच जागा.

ही 'कोल्ड फर्नेस'. ॲक्रनची चार गोरी पोरं,
बाप चौघांचेही टायरच्या कारखान्यात.
पहिली बाजू नुसता आरडाओरडा;
गिटार अशी बडवतात
जणू दुकानदार दारात उभा आहे हप्ता मागायला.
लोक जीव टाकतात हिच्यावर. टाकू देत.
माझं ऐकशील तर उलटी कर, शेवटचं गाणं लाव.
ड्रमवाला दमलाय. ठोका केसभर मागे पडतोय.
तिथे, फक्त तिथेच,
मला त्यांच्या बापांची रात्रपाळी ऐकू येते.

'ब्रास ट्रॉली' मात्र आमची, वेस्ट साइडची.
बेसवाला रूफस टॅली,
माझ्या मावसबहिणीला चर्चच्या दारात ताटकळत ठेवून
टोलेडोला पळालेला.
माणूस म्हणून नापास, लाल शाईने.
पण त्याची बोटं!
समेवर असा पाय रोवतो
आणि उरलेल्या मात्रा सोडून देतो तुझ्या कमरेच्या भरवशावर.
ती छापली त्या आठवड्यात पॅकिंगच्या बायका
खोकी उचलता उचलता डोलायच्या.
मावसबहीणसुद्धा. शिव्या देत, पण तालात.
त्यांचा तिसरा अल्बम मात्र घेऊ नकोस,
व्हायोलिनं घातलीत त्यात.
नाकापेक्षा मोती जड.

आणि ही.
पुठ्ठ्यावर चित्र नाही, नुसतं नाव: इझिकेल मॅगी.
चर्चच्या तळघरात, एका माइकवर, एका दुपारी.
हिला मी तीनदा नापास केलं.
चौथं गाणं, दुसरं कडवं संपतं,
आणि कर्र.
प्रत्येक तबकडीवर, त्याच जागी, कर्र.
साचा बदलला. कर्र.
पुन्हा बदलला. कर्र.
सातशे तबकड्या दळून परत भट्टीत गेल्या
माझ्या एका सहीने.
शेवटी प्रुइटने वैतागून फोन लावला.
पलीकडून कुणीतरी हसलं म्हणे.
'खुर्ची आहे ती, साहेब.
भावाचं नाव घ्यायच्या आधी म्हातारा पुढे वाकतो.'

त्या रात्री पाळी संपली तरी मी खोलीतच बसले.
पहिल्यांदा खरखर सोडून गाणं ऐकलं.
लाकूड आधी बोलतं,
मग श्वास,
मग ते नाव, इतकं हळू
की टिचकी ऐकायला बसलेल्या बाईला सापडूच नये.
सातशे वेळा
मी त्या माणसाला ते नाव घेऊ दिलं नव्हतं.

पास, लिहिलं.
खपल्या किती? शंभर-सव्वाशे.
बाकीच्या वर्षभराने परत आल्या, पुन्हा दळल्या.
तो काळा चुरा वाया जात नसे,
पुढच्या ऑर्डरीत मिसळायचे.
पुढची ऑर्डर कुणाची होती, ठाऊक आहे?
'कोल्ड फर्नेस'ची.
म्हणून सांगते, तो ठोका मागे का पडतो
ते त्या पोरांना विचारू नकोस.

पैसे ठेव खिशात. रूफसची ने, फुकट ने,
मला घरात जागा होईल.
ही विकायची नाही.

दुसरी बाजू?
ठीक आहे. जरा लांबण लावतो.